टॉवेलचा कारखाना विकत घेताना कुणाकुणाला विचारायचं?

सोलापुरात मी दिवसा सीएची प्रॅक्टिस करतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एमबीएच्या मुलांना शिकवतो. मागच्या सत्रात परीक्षेच्या तोंडावर एका विद्यार्थिनीनं तीन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "सर, टाटा स्टीलनं युरोपातली कोरस ही पोलाद कंपनी घेतली ते फायनान्सच्या वहीत जास्त किंमत मोजल्याचं उदाहरण आहे. स्ट्रॅटेजीच्या वहीत तेच जगाच्या बाजारात पाय रोवल्याचं उदाहरण आहे. एचआरच्या वहीत तर तिसरंच काहीतरी. मी नक्की काय लिहू?"

ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाचं लिही, असं मी तेव्हा सांगितलं. परीक्षेपुरतं ते चाललं. तिचा प्रश्न मात्र परीक्षेपेक्षा मोठा होता आणि त्याचं नीट उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथं देतो.

आधी दोन शब्दांतला फरक. विलीनीकरणात दोन कंपन्यांपैकी एक कायद्यानं संपते. तिची मालमत्ता, कर्जं, कर्मचारी, कोर्टातले दावे, सगळं दुसरीच्या पोटात जातं. १ एप्रिल २०२० रोजी आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, ते विलीनीकरण. अधिग्रहणात, म्हणजे ताबा घेण्यात, कंपनी जिवंत राहते आणि मालक बदलतो. २००८ मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली, ती कंपनी आजही आहे. बातम्यांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण कामगाराच्या आणि भागधारकाच्या दृष्टीनं त्यांत बराच फरक आहे.

आता आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन टॉवेल कारखाने आहेत असं समजा. थोरल्याची किंमत ६० कोटी, धाकट्याची २० कोटी. थोरल्यानं धाकट्याला २६ कोटी देऊ केले. वरचे ६ कोटी कशाचे? थोरल्याचा हिशेब असा: दोन रंगाई विभागांऐवजी एक पुरेल, सूत एकगठ्ठा घेतल्यावर भाव बरा मिळेल, दोन ऑफिसांचं एक होईल, आणि यातून कर वजा जाता वर्षाला १ कोटी वाचतील. पैशावर १५ टक्के परतावा मिळायला हवा, अशी त्याची अपेक्षा आहे. १५ टक्के व्याजाच्या ठेवीतून कायम वर्षाला १ कोटी हवे असतील तर ६ कोटी ६७ लाख ठेवावे लागतील. म्हणजे त्या बचतीची आजची किंमत ६ कोटी ६७ लाख. दिले ६ कोटी. ६७ लाखांचा फायदा.

वर्गात इथपर्यंत आलं की मुलं खूश होतात. मग मी एकच गोष्ट बदलतो. बचत पहिल्या वर्षापासून न मिळता तिसऱ्या वर्षापासून मिळू लागली, असं धरतो. आता तिची आजची किंमत ५ कोटी ४ लाख भरते. ६७ लाखांचा फायदा होता तिथं ९६ लाखांचा खड्डा पडला. कारखाना तोच, किंमत तीच, वर्षाची बचतही तेवढीच. फक्त दोन वर्षं उशीर झाला.

ती दोन वर्षं कुठं गेली हे फायनान्सच्या वहीत सापडत नाही. ती रंगाईच्या हौदापाशी जातात, पगारपत्रकात जातात, परवानग्यांच्या फायलीत जातात. विलीनीकरण अनेक विषयांतून शिकायचं ते एवढ्यासाठी. एका विषयानं मांडलेला आकडा खरा ठरवायचं काम दुसऱ्याच विषयाची माणसं करत असतात, आणि बहुतेक वेळा आकडा मांडताना ती खोलीत नसतात.

किंमत

कोरसकडे परत येऊ. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटा स्टीलची पहिली ऑफर शेअरला ४५५ पेन्सची होती. मग ब्राझीलची सीएसएन ही पोलाद कंपनी स्पर्धेत उतरली. जानेवारी २००७ च्या अखेरीला लिलाव झाला. त्यात सीएसएन ६०३ पेन्सवर थांबली आणि टाटांनी ६०८ ला बाजी मारली. साडेतीन महिन्यांत किंमत एक तृतीयांशानं चढली होती. कोरसच्या भट्ट्या मात्र होत्या तशाच होत्या. सौदा सुमारे १२ अब्ज डॉलरचा झाला, दीड-एक वर्षात जागतिक मंदी आली आणि युरोपातली पोलादाची मागणी कोसळली.

अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. १९७१ मध्ये तीन पेट्रोलियम इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल हे मांडलं. जमिनीखाली तेल किती हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं, प्रत्येकाचा अंदाज थोडा वर किंवा थोडा खाली असतो. ज्याचा अंदाज सर्वांत जास्त वर चुकला, लिलाव त्याच्याच नावावर लागतो. बाजार समितीत ज्यांनी ज्वारीची किंवा कांद्याची बोली जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९८६ मध्ये रिचर्ड रोल यांनी याला माणसाच्या स्वभावाची जोड दिली. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला वाटतं की ही कंपनी बाजाराला कळली नाही तेवढी मला कळली आहे. त्याच वर्षी मायकेल जेन्सन यांनी दुसरं कारण दाखवलं. कंपनीकडे गरजेपेक्षा जास्त रोकड साठली की ती भागधारकांना परत देण्याऐवजी साम्राज्य वाढवण्याकडे व्यवस्थापनाचा कल होतो. ही दोन्ही कारणं फायनान्सच्या संशोधकांनी मांडली, पण मुळात ती मानसशास्त्राची आहेत. विषयांच्या भिंती इथंच ढासळायला लागतात.

सौदा चांगला की वाईट हे बाजाराला विचारायची एक पद्धत आहे. घोषणेच्या दिवशी शेअर किती हलला ते बघायचं, त्यातून एकूण बाजार जेवढा हलला तेवढं वजा करायचं. १७ सप्टेंबर २०१८ रोजी बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक एकत्र करण्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी देना बँकेचा शेअर जवळजवळ २० टक्के चढला आणि बँक ऑफ बडोदाचा सुमारे १६ टक्के पडला. आजारी बँकेचं ओझं कुणाच्या खांद्यावर जाणार, याचं उत्तर बाजारानं एका दिवसात दिलं. पुढे जे प्रमाण ठरलं ते असं: विजया बँकेच्या दर १,००० शेअरमागे बडोदाचे ४०२ आणि देना बँकेच्या दर १,००० मागे ११०.

जगभर अशा हजारो सौद्यांचे अभ्यास झाले आहेत. विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना फायदा होतो आणि विकत घेणाऱ्यांचा सरासरी फायदा शून्याच्या आसपास रेंगाळतो, यावर त्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. '७० ते ९० टक्के विलीनीकरणं फसतात' हे वाक्य भाषणांतून फार ऐकू येतं. ते ऐकलं की मी विचारतो, फसणं म्हणजे काय? शेअर पडणं, नफा न वाढणं, माणसं सोडून जाणं की कंपनी पुन्हा विकावी लागणं? प्रत्येक मापानं टक्का वेगळा येतो.

मुळात एक कंपनी कशाला?

हा प्रश्न विचारायला सोलापूरसारखं दुसरं गाव नाही. आपल्या जुन्या गिरण्यांत एका दारानं कापूस आत जायचा आणि दुसऱ्या दारानं कापड बाहेर पडायचं. गिरण्या बंद पडल्या आणि तेच काम शहराच्या पूर्व भागातल्या शेडशेडमध्ये वाटलं गेलं. सूत एकाचं, बीम भरणं दुसऱ्याकडे, रंगाई तिसऱ्याकडे, माग चौथ्याचे, शिलाई घराघरांत. काल एका कंपनीच्या आवारात होणारं काम आज पन्नास जण करतात, आणि चादर तरीही तयार होतेच.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारलं होतं की बाजारातून सगळं विकत मिळत असताना कंपन्या असतातच कशाला. त्यांचं उत्तर असं की बाजारातून घेण्यालाही खर्च पडतो. भाव ठरवा, करार करा, माल वेळेवर येतो का ते बघा, भांडणं निस्तरा. हा खर्च घरात काम करण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की काम घरात येतं, कमी झाला की बाहेर जातं. विलीनीकरण म्हणजे ते कुंपण हलवणं.

म्हणून स्ट्रॅटेजीच्या माणसानं फायनान्सच्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न हा की यातली कुठली बचत कंपनी विकत न घेताही मिळाली असती. आपल्या उदाहरणातल्या १ कोटीपैकी ४० लाख एकगठ्ठा सुताचे असतील, तर दोन्ही कारखाने मिळून खरेदी करूनही ते मिळवू शकतात. त्यासाठी कुणी कुणाला गिळायची गरज नाही. मग विलीनीकरणाच्या नावावर उरतात ६० लाख. त्यांची आजची किंमत ४ कोटी, आणि आपण मोजतोय ६.

अर्थात प्रत्येक सौद्याचं कारण काटकसर नसतं. आपल्याच गावच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सनं २०१७ मध्ये नाशिकची मेम्को इंजिनिअरिंग घेतली आणि २०१८ मध्ये जर्मनीच्या एमएफटीत व नेदरलँड्सच्या इमॉसमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. इमॉसचं काम ट्रक-बसच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रणेचं. विजेच्या गाडीला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा दांडा, लागत नाही हे लक्षात घेतलं की कॅमशाफ्ट बनवणाऱ्यानं तिकडं का बघावं ते कळतं. हिशेबाच्या तक्त्यात अशा कारणाला सहजासहजी रकाना मिळत नाही.

मालकी कुणाची, ताबा कुणाचा

कायद्याच्या बाजूचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या गावचं आहे, आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद करण्यात आली. हजारो कामगार घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं या एका कंपनीसाठी खास अध्यादेश काढला, जुन्या संचालकांना दूर केलं आणि आपले संचालक नेमले. त्याच वर्षी अध्यादेशाचा कायदा झाला. शेअर होते त्यांच्याच नावावर राहिले, पण संचालक निवडण्याचा भागधारकांचा हक्क गेला. एका भागधारकानं सुप्रीम कोर्टात दाद मागितली, ती डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. मग नव्या संचालकांनी, अर्धेच पैसे भरलेल्या प्रेफरन्स शेअरवरची उरलेली रक्कम मागितली. त्याविरुद्ध दुसरा भागधारक उभा राहिला. डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की नावापुरती मालकी ठेवून ताबा संपूर्ण काढून घेणं हे भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेण्यासारखंच आहे, आणि तो कायदा रद्दबातल ठरवला. देशभरच्या लॉ कॉलेजांत 'शोलापूर मिल'चा खटला म्हणून हे शिकवलं जातं.

मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यातून लख्ख दिसतं. आजचे नियमही त्याच पायावर उभे आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा २५ टक्के हिस्सा कुणी गाठला तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार त्याला बाकी भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. कागदावर तो अल्पमतात असला तरी प्रत्यक्षात कारभार त्याच्या हाती जाऊ शकतो, आणि ज्यांना नव्या मालकाच्या हाताखाली राहायचं नाही त्यांना बाहेर पडायची वाट मिळायला हवी.

विलीनीकरणाचा रस्ता कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ मधून जातो. योजना कंपनी न्यायाधिकरणापुढे जाते, आणि सभेत मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांचा होकार लागतो, आणि त्यांच्याकडे मूल्यानं तीन चतुर्थांश हिस्सा असावा लागतो. किंमत योग्य आहे का, याच्या खोलात कोर्ट किती शिरतं? हिंदुस्थान लिव्हर आणि टाटा ऑइल मिल्स यांच्या विलीनीकरणात टाटा ऑइलच्या १५ शेअरमागे लिव्हरचे २ शेअर ठरले होते. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तज्ज्ञांनी मान्य पद्धतीनं किंमत काढली असेल आणि भागधारकांनी प्रचंड बहुमतानं ती स्वीकारली असेल, तर न्यायाधीश स्वतःचं गणित त्यावर लादणार नाहीत, अशी भूमिका कोर्टानं १९९४ मध्ये घेतली. म्हणजे गणित तपासायची जबाबदारी शेवटी मत देणाऱ्यावरच येते.

लहान उद्योगाला यातलं बरंचसं लागत नाही, पण त्याचे स्वतःचे काटे असतात. एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायला महामंडळाची परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. यंत्रमागाची वीजसवलत २७ अश्वशक्तीच्या खाली वेगळी आणि वर वेगळी. दोन छोट्या शेड एका जोडणीवर आणल्या की सवलतीचा गटच बदलू शकतो. आणि कंपनीचे शेअर विकत घेतले तर तिचा भूतकाळही बरोबर येतो: थकलेला पीएफ, सांडपाण्याची नोटीस, जुनी करआकारणी. दाइची सांक्यो या जपानी कंपनीनं २००८ मध्ये रॅनबॅक्सीत बहुसंख्य हिस्सा घेतला. औषधांच्या दर्जाबद्दल अमेरिकेत चाललेल्या चौकशीची माहिती आपल्यापासून दडवली गेली, अशी तक्रार घेऊन तिला सिंगापूरच्या लवादापर्यंत जावं लागलं. लवादानं २०१६ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला.

हिशेबाच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो. धाकट्या कारखान्याची देणी वजा जाता मालमत्ता १५ कोटींची भरली आणि आपण २६ मोजले, तर ११ कोटी 'गुडविल' म्हणून दिसतात. जुन्या लेखा मानकानुसार, म्हणजे एएस १४ नुसार, कंपनी खरेदीच्या पद्धतीनं विलीन करून घेतली तर हे गुडविल साधारणपणे पाच वर्षांत खर्ची टाकतात. म्हणजे नफ्यातून वर्षाला २ कोटी २० लाख जातात. इंड-एएस १०३ हे नवं मानक लागू असलेल्या मोठ्या कंपनीत ते तसं झिजवत नाहीत, दरवर्षी तपासतात आणि किंमत घसरली असेल तरच कमी करतात. पैसा तेवढाच गेला, तरी दोन कंपन्यांचा नफा वेगळा दिसतो. म्हणून विलीनीकरणानंतर 'नफा वाढला' असं कुणी सांगितलं की मी आधी रोख जमाखर्च मागतो.

पाणी, पगार आणि पाटी

माझ्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, काळातली गोष्ट. गावातल्या एका कारखान्यानं दुसरा घ्यायचं ठरवलं होतं आणि मला स्टॉक मोजायला पाठवलं होतं. बेतात सगळ्यात मोठी बचत होती ती विकत घेतलेल्या कारखान्याची रंगाई बंद करून सगळा माल एकाच ठिकाणी रंगवण्याची. दुपारी चहा घेताना तिथले डाईंग मास्तर मला म्हणाले, "आमच्या बोअरचं पाणी वेगळं, त्यांचं वेगळं. इथं बसवलेली रंगाची शेड तिथं तशीच निघणार नाही, लिहून घ्या." जड पाण्यातले क्षार रिअ‍ॅक्टिव्ह रंग नीट बसू देत नाहीत. पाणी बदललं की रंगाची अख्खी कृती नव्यानं बसवावी लागते. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. माझ्या तपासणीच्या यादीत सुताच्या गाठी होत्या, माग होते, पाणी नव्हतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

पुढे मोठ्या गिऱ्हाइकाचा माल शेड जुळत नाही म्हणून दोनदा परत आला. पाणी मऊ करायचं यंत्र बसवून सगळ्या कृती नव्यानं करण्यात वर्षाहून जास्त गेलं. तोवर मास्तर गावातल्याच दुसऱ्या ठिकाणी लागले होते. कमी करायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव पहिल्या पाचांत होतं. ज्या बचतीवर सौदा उभा होता ती कशी फसेल हे ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्यालाच बचत म्हणून काढलं गेलं. त्या दुपारी मी गप्प बसलो, याची मला आजही खंत आहे. वर लिहिलेली 'दोन वर्षं' मी तिथून आणली आहेत.

पगाराचंही असंच. एकत्र आल्यावर धाकट्या कारखान्यातले १०० कामगार थोरल्याचा दर मागणार, आणि त्यांचं चूक नाही, कारण काम तेच आहे. माणशी महिना ३,००० रुपयांचा फरक धरला तरी वर्षाला ३६ लाख होतात. १ कोटीच्या बचतीतले ६४ लाख उरले आणि त्यांची आजची किंमत ४ कोटी २७ लाखांवर आली. हा आकडा काढायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, दोन पगारपत्रकं शेजारी ठेवली की पुरे. पण बोलणी गुप्त ठेवायची म्हणून पगारपत्रक बघणाऱ्याला शेवटपर्यंत सांगितलंच जात नाही.

संस्कृती हा शब्द मुलांना हवेतला वाटतो. त्यांना मी सांगतो, आपल्याकडे एकाच शेडमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड चालते. जॉबर कुठल्या भाषेत ओरडतो, सुट्टी कुठल्या सणाला मिळते, उचल कुणाकडे मागायची, चूक झाली तर मालकापाशी थेट जायचं की मुकादमामार्फत, हे प्रत्येक कारखान्यात ठरून गेलेलं असतं आणि कुठंच लिहिलेलं नसतं. १९९८ मध्ये जर्मनीची डाइमलर आणि अमेरिकेची क्रायस्लर बरोबरीच्या नात्यानं एकत्र आल्याचं जाहीर झालं. निर्णय कुणी आणि कसे घ्यायचे, पगार किती असावेत, यांवर दोन्ही बाजूंच्या सवयी जुळल्या नाहीत. २००७ मध्ये डाइमलरनं क्रायस्लरमधला मोठा हिस्सा विकून टाकला.

बँकांच्या बाबतीत कॉम्प्युटरची व्यवस्थाही सोयरीक ठरवताना बघितली गेली. बडोदा, विजया आणि देना या तिन्ही बँका फिनॅकल या एकाच प्रणालीवर होत्या. २०२० मध्येही युनियन, आंध्र आणि कॉर्पोरेशन तिन्ही फिनॅकलवरच्या, तर इंडियन आणि अलाहाबाद दोघी टीसीएसच्या 'बँक्स' या प्रणालीवर. खातेदाराला चेकबुक आणि आयएफएससी बदलण्याचा त्रास झालाच. प्रणाली वेगळ्या असत्या तर तो कितीतरी वाढला असता.

मार्केटिंगची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोका-कोलानं १९९३ मध्ये भारतात परतताना पारलेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट घेतले. सुरुवातीला थम्स अप मागे सारून कोका-कोला पुढे आणण्याकडे कल होता. लोकांनी थम्स अप सोडलं नाही, आणि कंपनीला ते पुन्हा ताकदीनं बाजारात उतरवावं लागलं. आपल्या 'सोलापुरी चादरी'ची गोष्ट याहून वेगळी. तिला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव कुणा एका कंपनीचं नाही. इथला एखादा कारखाना विकत घेणाऱ्याला माग मिळतील, गिऱ्हाइकांची यादी मिळेल, पण 'सोलापुरी' हे नाव फक्त स्वतःचं करून घेता येणार नाही. किंमत ठरवताना हे मार्केटिंगवाल्याला दिसतं आणि कायदेवाल्यालाही, फक्त दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. कोरसमध्ये किंमत चढली ती लिलावानं, म्हणजे फायनान्सची वही बरोबर. भारताबाहेरच्या बाजारात एका उडीत पोचायचं होतं, म्हणजे स्ट्रॅटेजीची वहीही बरोबर. पण एवढी किंमत वसूल व्हायला युरोपातल्या भट्ट्या किती वर्षं भरल्या कामानं चालायला हव्यात, आणि त्या चालवणारी माणसं, युनियन, पेन्शन यांचं काय, हा प्रश्न दोन्ही वह्या एकत्र उघडल्यावरच विचारता येतो. आता वर्गात मी या विषयाला पाच गट करतो आणि प्रत्येक गटाला एकाच टॉवेल कारखान्याचा एकेकच कागद देतो: ताळेबंद, पगारपत्रक, पाण्याचा अहवाल, भाडेपट्टा, गिऱ्हाइकांची यादी. किंमत किती द्यायची ते आधी प्रत्येक गटानं एकट्यानं लिहायचं, मग सगळ्यांनी मिळून. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी लिहितो. पाण्याचा कागद ज्यांच्याकडे असतो तो गट पहिल्या फेरीत हटकून सगळ्यात गप्प असतो.

तुमच्या स्वतःच्या कंपनीत किंवा बँकेत असं काही चाललं असेल आणि तुम्ही भागधारक असाल, तर योजनेचा कागद मागा. शेअर बदलून देण्याचं प्रमाण आणि मूल्यांकनाचा अहवाल आधी वाचा. 'नियत दिनांक' बघा, कारण त्या तारखेपासूनचा नफा-तोटा नव्या कंपनीच्या खात्यात जातो. कर्मचारी असाल तर कर्मचाऱ्यांचं कलम शोधा. सेवेत खंड पडणार नाही आणि अटी आधीपेक्षा कमी असणार नाहीत, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. बदली कुठं होईल, कुठला विभाग बंद होईल, कुणाच्या हाताखाली काम करायचं, हे मात्र त्यात नसतं. ते सभेच्या आधी, लेखी विचारा. आणि तुम्ही रंगाईत, मेन्टेनन्सला किंवा काउंटरवर असाल आणि वरच्यांच्या बेतात न बसणारी एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर स्टॉक मोजायला आलेल्या पोरालाही ती सांगा. त्याला म्हणावं, लिहून घे आणि तुझ्या साहेबांना दाखव.